घरी येणारी नर्स काम केव्हा आणि कसे सोडू शकते?

घरातील आजारी माणसासाठी नर्स ठेवायची वेळ आली म्हणजे आम्ही पुष्कळ चौकशी करतो. ती कुठे शिकली, किती पैसे घेते, कोणाकडे काम करीत होती, रात्री राहील की नाही, सारे विचारतो. ती जाईल तेव्हा कशी जाईल, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि भांडणे होतात ती नेमकी याच ठिकाणी. "आम्हाला अर्ध्यावर सोडून गेली" असे घरचे म्हणतात. "मी काय जन्माची बांधलेली आहे?" असे ती म्हणते. दोघांचेही थोडे खरे असते, म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा असे आम्हाला वाटले.

आमच्या बेटावर आज दर पाच माणसांमागे जवळजवळ एकजण साठीच्या पुढचा आहे. प्रौढांपैकी सुमारे पाचांत एकाला मधुमेह आहे. पूर्वी एका अंगणात तीन भावांच्या तीन चुली असत; आजी अंथरुणाला लागली तर उशाशी बसायला सुना, नाती, शेजारणी यांची वाण नसे. आता एक मुलगा लंडनला, मुलगी पर्थला, आणि जो येथे राहिला तो सकाळी साडेसहाला बस धरून पोर्ट लुईला जातो. मग आजीच्या पायाची जखम धुणार कोण? इन्शुलिन देणार कोण? म्हणून घरी नर्स येते, किंवा गार्द-मालाद येते. एका अनोळखी बाईवर (आमच्याकडे पुरुष नर्सही पुष्कळ आहेत, पण सोयीसाठी "ती" म्हणू) साऱ्या घराचा भार पडतो. अशी व्यक्ती एके दिवशी आली नाही, तर होणारी हानी ही माळी न येण्यासारखी नसते.

पण म्हणून तिला जाताच येऊ नये काय? या बाबतीत आम्हा मराठी माणसांनी तरी दोनदा विचार करावा. आमचे पूर्वज कोकणातून, मुंबई बंदरातून जहाजाने येथे आले ते करारावर आले. काम सोडून गेलेल्या मजुराला पकडून आणीत. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापीत. काम सोडण्याचा हक्क नसणे म्हणजे काय, हे आमच्या कुळाच्या आठवणीत आहे. तो हक्क नर्सलाही आहे, आणि तो तिने मागून घ्यायचा नाही, तिचा तो आहेच. प्रश्न आहे तो जाण्याच्या रीतीचा.

नर्सिंगच्या जगात यासंबंधी एक भेद फार स्वच्छ केलेला आहे. काम घेण्यापूर्वीच "हे मला जमणार नाही" असे सांगणे ही एक गोष्ट. नोकरीचा राजीनामा देणे ही दुसरी. आणि रुग्णाला टाकून जाणे ही तिसरी. पहिल्या दोन्ही गोष्टी गुन्हा नाहीत, की पेशाला बट्टाही नाहीत. तिसरी मात्र आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या नर्सिंग बोर्डाने या तिसऱ्या गोष्टीची व्याख्या केली आहे, तिच्यात दोन अटी आहेत: नर्सने त्या रुग्णाची जबाबदारी एकदा स्वीकारलेली असली पाहिजे, आणि तिने ती जबाबदारी अशा तऱ्हेने सोडलेली असली पाहिजे की, योग्य माणसाला पुरेशी सूचना मिळाली नाही व दुसऱ्या कोणाकडून शुश्रूषा चालू ठेवण्याची व्यवस्था करता आली नाही. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच "रुग्णाला टाकले" असे म्हणायचे. म्हणजे नर्स गेली यात दोष नाही. मागे कोणी उभे राहू शकेल इतका वेळ दिला नाही, यात दोष आहे.

शाळेतले उदाहरण घेऊ. शिक्षकाची बदली होते, शिक्षक निवृत्त होतो, कंटाळून दुसरी नोकरीही धरतो. त्याला कोणी नावे ठेवीत नाही. पण हजेरीपट व मुलांच्या वह्या पुढच्या शिक्षकाच्या हाती दिल्याखेरीज तो जात नाही, आणि तास चालू असताना वर्ग उघडा टाकून तर मुळीच जात नाही. नर्सचे काय वेगळे आहे?

घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याची आजची पद्धत जिथे सुरू झाली, तिथेही हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहिला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडातील लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन नावाचे एक धनिक व्यापारी होते. त्यांच्या पत्नीच्या अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन या नर्सने तिची सेवा केली होती. पत्नी गेल्यावर १८५९ साली रॅथबोन यांनी त्याच बाईंना तीन महिन्यांसाठी नेमले, ते शहरातील गरिबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यासाठी. एक महिना झाला आणि मेरीबाई रडत परत आल्या. जे दैन्य त्या पाहत होत्या ते त्यांना सोसवेना. कामातून मोकळे करा असे त्या म्हणाल्या. रॅथबोन यांनी त्यांची समजूत घातली, नेट धरा म्हणाले, आणि त्या परत गेल्या. तीन महिने संपले तेव्हा हेच काम पुढे चालू ठेवावे असे त्यांनाच वाटू लागले होते. त्यातूनच पुढे इंग्लंडातील घरोघरच्या नर्सिंगची संस्था उभी राहिली.

आम्हाला या हकिकतीतील एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. मेरीबाई आजाऱ्यांची घरे सोडून परस्पर आपल्या घरी गेल्या नाहीत. ज्यांनी नेमले त्यांच्याकडे गेल्या आणि तोंडाने सांगितले. त्यामुळेच बोलणे झाले.

आता लिहिलेले नियम पाहू. याबाबत सर्वांत तपशीलवार नियम आमच्या पाहण्यात आहेत ते अमेरिकेचे. तेथे वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. घरी शुश्रूषा पुरविणाऱ्या ज्या एजन्सींना या योजनेचे पैसे हवे असतात, त्यांना सरकारच्या अटी पाळाव्या लागतात. या अटी २०१७ साली नव्याने लिहिल्या गेल्या आणि जानेवारी २०१८ पासून लागू झाल्या. त्यात रुग्णाची सेवा कोणत्या कारणांनी बंद करता येते ते मोजून सांगितले आहे. त्याबाहेरचे कारण चालत नाही. "आम्हाला हा पेशंट त्रासाचा वाटतो" किंवा "तो फार लांब राहतो" एवढ्याने भागत नाही.

काही कारणे कोणालाही पटण्यासारखी आहेत. रुग्ण बरा झाला, ठरविलेले उद्दिष्ट साधले आणि डॉक्टरही तसे म्हणतात. रुग्णाने स्वतःच सेवा नाकारली, किंवा त्याला दुसरी एजन्सी हवी आहे. रुग्ण वारला. एजन्सीच बंद पडली. यांवर चर्चा ती काय करायची? पैसे मिळणे थांबले, मग ते रुग्णाकडून असोत की विम्याकडून, तर तेही कारण धरले आहे. ते कानाला कठोर लागते, पण खोटे नाही. उरलेली दोन कारणे मात्र विचार करण्यासारखी आहेत.

त्यातले एक असे की, रुग्णाचा आजार एजन्सीच्या आवाक्याबाहेर गेला. हे कारण आमच्या घरांतून फार कमी वेळा बोलले जाते, आणि वास्तविक ते सर्वांत प्रामाणिक कारण आहे. मलमपट्टी करायला आलेल्या नर्सला महिन्याभरात दिसते की जखम हाडापर्यंत गेली आहे, रुग्णाला ताप भरतो आहे, आणि हे आता घरी व्हायचे काम नाही. अशा वेळी "मी यापुढे हे करणार नाही, हॉस्पिटलात न्या" असे म्हणणारी नर्स पळ काढीत नसते. ती आपले काम करीत असते. नियमातही एवढे म्हणून सोडलेले नाही. ज्याच्या आवाक्यात ते काम आहे अशा ठिकाणी रुग्णाला सुरक्षितपणे पोचविण्याची व्यवस्था एजन्सीने डॉक्टरांच्या संमतीने करावयाची असते.

दुसरे कारण वागणुकीचे. रुग्ण किंवा घरातील दुसरे कोणी (हे "दुसरे कोणी" मुद्दाम लक्षात घ्यावे) शिवीगाळ करीत असेल, अडथळे आणीत असेल, सहकार्य करीतच नसेल आणि त्यामुळे शुश्रूषा करणेच अशक्यप्राय झाले असेल, तर सेवा बंद करता येते. पण एका रागाच्या भरात नाही. आधी रुग्णाला, त्याच्या वतीने पाहणाऱ्या माणसाला आणि डॉक्टरला कळवायचे की आम्ही सेवा बंद करण्याचा विचार करीत आहोत. मग तंटा मिटविण्याचा खरोखर प्रयत्न करायचा. तो साधला नाही तर जवळच्या दुसऱ्या एजन्सींची नावे व पत्ते रुग्णाच्या हाती द्यायचे. आणि काय घडले, काय प्रयत्न केले, ते सारे रुग्णाच्या कागदपत्रांत लिहून ठेवायचे.

नर्सच्या अंगावर कोणी हात टाकला, चाकू दाखविला, कुत्रे सोडले, तर तिने तिथे बसून प्रयत्न करीत राहावे असा याचा अर्थ कोणीही करू नये. त्या क्षणी तिने घराबाहेर पडावे. पण बाहेर पडल्यावर फोन उचलावा, आपल्या वरिष्ठांना सांगावे, रुग्णाला धोका असेल तर अँब्युलन्स बोलवावी. घराबाहेर पडणे आणि रुग्णाला विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेडिकेअरची सेवा संपणार असेल तर रुग्णाला लेखी सूचना निदान दोन दिवस आधी मिळाली पाहिजे. ती न पटल्यास सेवा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्याला एका स्वतंत्र तपासणी संस्थेकडे दाद मागता येते, आणि त्या संस्थेने ७२ तासांत निर्णय द्यायचा असतो. सेवा बंद करणे योग्य होते हे दाखविण्याची जबाबदारी एजन्सीवर असते, आजाऱ्यावर नाही. हे आम्हाला फार आवडले. दोन दिवसांची मुदत मात्र अगदीच अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन दिवसांत तेथील एखाद्या खेड्यातल्या एकट्या म्हातारीने दुसरी नर्स कुठून आणावी?

याच संदर्भात तेथे एक खटला गाजला होता. व्हरमाँट राज्यातील ग्लेंडा जिमो या अंध आणि एक पाय गमावलेल्या वृद्धेचे नाव त्या खटल्याला आहे. तेव्हा अशी रीत पडली होती की, रुग्णात सुधारणा होत नाही असे दिसले की घरची नर्सिंग सेवा थांबवायची. आता सांगा, नव्वदीच्या माणसात सुधारणा ती किती व्हायची? तो आहे तसा राहिला, आणखी खालावला नाही, हेच नर्सच्या कामाचे फळ. २०११ साली दाखल झालेल्या या खटल्यात २०१३ च्या जानेवारीत तडजोड मंजूर झाली आणि सरकारने मान्य केले की, सुधारणेची आशा नाही एवढ्याच कारणावरून सेवा नाकारता येणार नाही. प्रकृती टिकविण्यासाठी किंवा ती हळू ढासळावी म्हणून प्रशिक्षित हाताची गरज असेल, तर तीही गरजच होय. आमच्याकडे विम्याचा प्रश्न असा येत नाही, पण हाच विचार दुसऱ्या वेषात येतो. "सहा महिने झाले, काही फरक नाही, कशाला पैसे घालवायचे?" असे म्हणून नर्सला बंद करणारे नातेवाईक आमच्या पाहण्यात आहेत. मग दोन महिन्यांत पाठीला शय्याव्रण होतात, आणि तेव्हा कळते की काही फरक न पडणे हाच फरक होता.

इंग्लंडचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे, कारण १९६० आणि १९७० च्या दशकांत या बेटावरील कितीतरी मुलेमुली तिकडच्या हॉस्पिटलांत नर्सिंग शिकायला गेली, विशेषतः मानसिक रुग्णांच्या हॉस्पिटलांत, आणि पुष्कळजण तिकडेच राहिले. त्यांच्या कानांवर रुग्णांकडून काय काय पडत असे हे ते सुट्टीत आले म्हणजे सांगत. कातडीच्या रंगावरून बोलणारा रुग्ण असला तरी त्याची सेवा करायचीच, असा बराच काळ रिवाज होता. एप्रिल २०२० पासून तेथील सरकारी आरोग्यसेवेने असे ठरविले की, कर्मचाऱ्यांना वर्ण किंवा स्त्रीत्व यांवरून अपमानित करणाऱ्या, छळणाऱ्या रुग्णाला तातडीची नसलेली सेवा नाकारता येईल. जीव धोक्यात असेल तर मात्र नाही. आमच्या ज्या वडीलधाऱ्यांनी तेथे तीस-तीस वर्षे ते बोलणे गिळले, त्यांना हा नियम फार उशिरा आला असे वाटले तर नवल नाही.

आता आपल्या घरी येऊ. आमच्याकडे घरची शुश्रूषा बहुतेक तोंडी ठरते. कोणाची तरी मावसबहीण निवृत्त नर्स असते, कोणीतरी फोन नंबर देते, सोमवारपासून यायचे ठरते. मधे एजन्सी नाही, वरिष्ठ नाही, कागद नाही. यात पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही की, नर्स आणि गार्द-मालाद एक नव्हेत. नर्सचे नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत असते. तिने पेशाला न शोभणारे वर्तन केले तर तिच्याविरुद्ध तेथे तक्रार करता येते. गार्द-मालादचे नाव त्या नोंदवहीत नसते. ती कितीही मायेची असो, तिच्यावर पेशाचा तो अंकुश नाही, आणि तिच्या पाठीशी पेशाचे ते संरक्षणही नाही. इन्शुलिन, मूत्रनळी, खोल जखम ही कामे गार्द-मालादच्या गळ्यात घालायची, आणि ती घाबरून सोडून गेली की तिला दोष द्यायचा, हा उघड अन्याय आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरची गोष्ट सांगतो. ब्याऐंशी वर्षांच्या आजी, पायाला मधुमेहाची जखम, दोन वेळा इन्शुलिन. एक निवृत्त नर्स दोन वर्षे येत होती आणि काम चोख होते. गणेशचतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी तिने जाताना अंगणात खेळणाऱ्या नातवाला सांगितले, "आईला सांग, मी उद्यापासून येत नाही." नातू नऊ वर्षांचा. तो विसरला. शनिवारी सकाळी दहा वाजेपर्यंत सारे वाट पाहत होते. इन्शुलिन फ्रीजमध्ये होते, पण किती द्यायचे ते कोणाला ठाऊक नव्हते, कारण लिहिण्याची वही नर्सच्या पिशवीत असे. फोन ती उचलीना. शेवटी मुलाने अंदाजाने सुई दिली. अंदाज जास्त झाला. त्यात सणाच्या गडबडीत आजी धड जेवल्या नव्हत्या. रात्री त्या घामाने भिजल्या, बोलणे अडखळू लागले. शेजारच्या एका शहाण्या बाईने ओळखले, त्या गिळू शकतात हे पाहून साखरपाणी पाजले, आणि त्यांना हॉस्पिटलात नेले. आजी वाचल्या.

साऱ्या नातलगांत त्या नर्सला शिव्याशाप मिळाले. नातवाकडे निरोप ठेवून जाणे ही जबाबदारी टाकणेच होय, आणि वही बरोबर नेणे तर त्याहून वाईट. त्यावर आमचे दुमत नाही. पण पुढे हळूहळू दुसरी बाजू कळली. दीड महिना तिला पैसे मिळाले नव्हते. "मुलगा लंडनहून पाठवील मग देऊ" असे दर आठवड्याला चालले होते. आधी आजीचे कपडे धुवायचे, मग साऱ्या घराचे धुवायचे, असे तिचे काम वाढत गेले होते. आणि त्या शुक्रवारी तिला सणासाठी आलेल्या आठ पाहुण्यांचे जेवण करायला सांगितले होते. तिने एकदा म्हटलेही होते की हे माझे काम नाही. त्यावर, "तुम्ही घरच्यासारख्याच की!" असे उत्तर मिळाले.

या "घरच्यासारख्या" शब्दाने आमच्या समाजात फार घोटाळा केला आहे. घरच्यासारखी म्हटले की पगार मागे पडतो, रजा बुडते, कामाची कुंपणे मोडतात. नर्सही मग घरच्यासारखीच रुसून निघून जाते. ज्या घरी नर्सला नर्स म्हणून वागवितात, तिची वेळ पाळतात, पैसे ठरल्या दिवशी देतात, तेथून ती सहसा अशी जात नाही. गेली तरी सांगून जाते.

तेव्हा काम सुरू होतानाच चार ओळींचा कागद करावा. त्यात काय असावे? कोणते काम तिचे, कोणते नाही. पैसे कोणत्या तारखेला, आणि परदेशातून येण्यावर ते अवलंबून नाहीत. काम सोडायचे झाल्यास किती दिवस आधी सांगायचे, ते दोन्ही बाजूंना सारखेच. आम्हाला विचाराल तर इन्शुलिन किंवा जखमेचा रुग्ण असेल तर दोन आठवड्यांहून कमी ठेवू नये. कोणत्या कारणाने लगेच निघून जाता येईल: मारहाण, अंगलट, धमकी. सूचना कोणाला द्यायची, त्या एका मोठ्या माणसाचे नाव. आणि डॉक्टरांचा फोन नंबर, कारण सोडून जाण्याची गोष्ट घरच्यांइतकीच डॉक्टरांनाही कळली पाहिजे. ज्या घरांत वाचणारे फक्त नातवंडच असेल, तेथे हा कागद क्रिओलमध्ये लिहिला तरी आमची हरकत नाही. तो लिहिला जावा.

वही घरात राहावी, शक्यतो औषधांच्या डब्यापाशी. रोजची साखर, दिलेले इन्शुलिन, जखम कशी दिसली, पुढची ड्रेसिंग केव्हा. पुढची नर्स आली की तिने आधी ती वही वाचावी आणि जाणारीने निदान एक दिवस तिच्याबरोबर काढावा. असा एक दिवस दोघींनी मिळून आजीची आंघोळ घातली, तर कोणत्या कुशीवर वळविले की आजीला दुखते हे न लिहिताही कळते. त्या दिवसाचे पैसे दोघींनाही द्यावेत, हे सांगायला नको.

दुसरी नर्स लगेच मिळाली नाही तर? विभागातील आरोग्यकेंद्रात जाऊन ड्रेसिंगची सोय विचारावी. सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य होते. सामाजिक सुरक्षा खात्याचे डॉक्टर अतिवृद्ध व अंथरुणाला खिळलेल्यांना घरी येऊन पाहतात. त्यांच्या यादीत आपल्या माणसाचे नाव आहे की नाही हे नर्स असतानाच पाहून ठेवावे, ती गेल्यावर नव्हे. सतत देखभाल लागणाऱ्या वृद्धांसाठी वेगळा भत्ताही आहे, त्याचा अर्ज पुष्कळ घरे संकोचाने करीत नाहीत. आणि जीवाचा प्रश्न असेल तर ११४ हा सामूचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा.

सायक्लोनची गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिसरा इशारा लागला की बसगाड्या बंद होतात आणि कोणीही घराबाहेर पडायचे नसते. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून जाताना आपण सर्वांनी पाहिल्या. अशा दिवशी नर्स आली नाही तर तिने रुग्णाला टाकले असे कोणी म्हणू नये. पण नोव्हेंबर ते एप्रिल वादळे येणार हे तिलाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. म्हणून घरातील निदान दोघांना इन्शुलिन द्यायला, साखर मोजायला आणि साखर उतरल्याची लक्षणे ओळखायला तिने शिकवून ठेवावे. काही नर्सेस हे शिकवीत नाहीत, आपले काम जाईल अशी त्यांना भीती वाटते. आमच्या अनुभवात उलटेच दिसते. जी शिकविते तिला लोक अधिक मान देतात आणि शेजारच्या घरीही बोलावतात.

घरच्यांनी नर्सला काढण्याविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. नवी नर्स शंभर रुपये कमी घेते म्हणून जुनीला रात्री फोनवर "उद्यापासून येऊ नका" सांगणे, हेही रुग्णालाच टाकणे होय. जी रोज सकाळी येऊन तोंड धुवायची, ती अचानक का येत नाही हे त्या म्हाताऱ्या जीवाला कोण समजाविणार? ज्यांची स्मृती गेलेली आहे अशा वृद्धांना तर हा बदल फारच जाचतो. वृद्धांचा छळ हा गुन्हा ठरविणारा कायदा आमच्या देशात २००५ साली झाला, आणि त्याच्यापुढे नर्स व नातलग असा भेद नाही.

रुग्ण वारला म्हणजे सेवा आपोआप संपते, तेथे कोणाची सूचना लागत नाही. तरी दोन गोष्टी राहतात. उरलेले इन्शुलिन, सुया व औषधे नर्सने वेगळी काढून द्यावीत, म्हणजे ती नातवंडांच्या हाती पडत नाहीत. सुया आरोग्यकेंद्रात कशा परत द्यायच्या तेही तिनेच सांगावे. आणि तिचा हिशोब दहाव्या-तेराव्याच्या खर्चात मागे पडू देऊ नये, त्याच आठवड्यात पुरा करावा. तिला दुसऱ्या घरी सोमवारी रुजू व्हायचे असते.